भट्टीच्या पोटात

शनिवार, ११ ऑक्टोबर १९९७

काल आयुधपूजा. वह्या, रजिस्टरं, पुस्तकं सगळी सरस्वतीपुढे रचून ठेवली होती. त्यात ही दैनंदिनीही होती, म्हणून कालचं आज लिहिते आहे. ज्या दिवशी अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही, त्या दिवशी चष्म्याचं काय काम? तोही मी वह्यांच्या ढिगावर ठेवून दिला. दैवानै हसून म्हणाली, "अक्का, सरस्वतीला चाळिशी लागली वाटतं." धाकटी बहीण घरात असली की हे ऐकून घ्यावं लागतं.

पूजा यथासांग झाली. सकाळी मात्र सगळं विस्कटलं होतं. तारेवर लेप चढवायचं यंत्र अडकलं आणि दोन तास फुकट गेले. इळंगो, आमचा सुपरवायझर, डिप्लोमा झालेला आहे, पण यंत्र अडकलं की प्रथम कपाळाला हात लावतो. दुपारी बारानंतर यंत्र चालू झालं. मी बजावलं की उरलेलं काम उद्या, पण साडेतीनचा मुहूर्त चुकता कामा नये.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. आयुधपूजा मी त्यांच्याच पद्धतीने करते. त्या वेळी कारखान्यात एकही यंत्र चालू नको, एकही दिवा जळता नको. उजेड फक्त समईचा. शेवटची फेरी मी स्वतः मारते. काल सगळं बंद होतं, फक्त भट्टीचा हिरवा दिवा चालू होता आणि सूसै तिथे पडलेल्या चेहऱ्याने उभा होता. तेहतीस वर्षं आमचे वेल्डिंगचे रॉड भाजतो आहे, म्हणून थोडी जास्त मोकळीक घेतो. "अम्मा, भट्टीत..." म्हणून काही सांगायला लागला. मी म्हटलं, "सूसै, आज काही सांगायचं नाही. तुमच्या नाताळात मी कधी आडवी आले का?"  त्याने खटका दाबून भट्टी बंद केली, दिवाही विझला. नातीचं जावळ काढायला वेळांकण्णीच्या चर्चला जायचं म्हणून त्याने तीननंतर रजा मागितलीच होती, ती मी आधीच दिली होती. पूजा सुरू व्हायच्या आत तो गेला. त्यांच्या देवाचं असलं की घाई.

भट्टीच्या दारावर कुणीतरी खडूने काही खरडून ठेवलं होतं. पूजेच्या दिवशी हा गबाळेपणा. मी ओल्या फडक्याने दार पुसलं आणि विभूतीची तीन बोटं ओढली. इळंगोने नवा कॅमेरा आणला होता, तो सगळ्यांचे फोटो काढत फिरत होता. दाराशी कोहळा फोडला. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, आणि चुरमुरे वाटले.

आज विजयादशमी. आजच्या दिवशी पहिला माल बाहेर पडला की वर्ष चांगलं जातं. भट्टीत कालचा माल तयारच होता. तो सकाळीच पेट्यांत भरून चाळीस पेट्या नटेसन यांच्या वर्कशॉपला पाठवल्या. त्यांना साखर कारखान्याच्या बॉयलरचा ड्रम करायचा आहे. या मालाचा नमुना गुरुवारीच तपासला होता, उत्तम होता.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

सूसै आला. दैवानैसाठी सुकट घेऊन आला, ती खूश. नातीचा गोटा फार सुंदर दिसतो म्हणे.

आल्या आल्या इळंगोला विचारत होता, शुक्रवारचा माल नीट भाजून पाठवलात ना. इळंगो म्हणाला, "छे, कच्चाच पाठवला. तुम्ही नव्हतात ना, आम्हाला कुठे भाजता येतं." सगळे हसले, सूसैही हसला. या माणसाला वाटतं, त्याच्याशिवाय भट्टी तापत नाही.


शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी नटेसन यांचा फोन. आवाज शांत होता. माणूस शांत आवाजात बोलला की मला जास्त भीती वाटते.

ड्रमच्या दोन सांध्यांना चिरा गेल्या आहेत. सोमवार-मंगळवारी वेल्डिंग झालं, बुधवारी तपासलं तेव्हा सांधे स्वच्छ होते. काल लाल रंग लावून पुन्हा पाहिलं, तर केसासारखी रेघ. म्हणाले, "मॅडम, मी माझ्या वेल्डरला काढायला निघालो होतो. पण दोन वेगळ्या माणसांचे दोन सांधे गेले आहेत. रॉड तेवढे एकच आहेत."

मी स्पष्ट सांगितलं की आमचा 'वेलन' छाप रॉड इतक्या वर्षांत कधी चिरला नाही. तुमच्या माणसांनी पेट्या पावसात उघड्या ठेवल्या असतील. ते म्हणाले, "उद्या येऊन बघा."

 पावसाचंच कारण असणार. आठवडाभर रोज संध्याकाळी कोसळतो आहे.


रविवार, १९ ऑक्टोबर

पेट्या कोरड्या होत्या. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, वर ताडपत्री. माझ्या गोदामातही इतक्या नीट ठेवत नाहीत.

चिरा पाहिल्या. नखाला लागत नाहीत, लाल रेघ दिसते फक्त. जेवणाची सुटी झाली होती. त्या ड्रमच्या सावलीत पाच वेल्डर डबे उघडून बसले होते. त्यात सूसैचा मुलगा आरोक्यम होता. पहिला सांधा त्याचा. उठून उभा राहिला, पण माझ्याकडे बघेना. नटेसन त्यालाच काढणार होते. पोरगा तीन दिवस चोरासारखा वावरतो आहे म्हणाले.

पाच नोव्हेंबरला साखर कारखान्यात बॉयलर पेटवायचा आहे. आत वाफ कोंडलेली असेल आणि भोवती अशीच माणसं डबे उघडून बसतील.

नटेसन चहा पाजत म्हणाले, "मॅडम, वरून शाबूत आणि तीन दिवसांनी आतून चिरतो, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही केमिस्ट्रीवाल्या." नाही सांगायला. लेपात ओल राहिली की ती सांध्यात शिरते. सांधा गप्प बसतो आणि दोन-तीन दिवसांनी आतून तडकतो. कॉलेजात शिकलेलं बरंच विसरले, हे विसरलेले नाही. तरी मी "बघू" एवढंच म्हटलं. न उघडलेली एक पेटी बरोबर आणली.


सोमवार, २० ऑक्टोबर

कुणाला हात लावू दिला नाही. लेप मी स्वतः खरवडला, तोलला, तापवला, पुन्हा तोलला. अर्धा टक्का ओल चालते. सव्वा टक्का निघाली. पुन्हा केलं. तेवढीच.

माल कच्चा आहे. वरून टणक, वाजवला तर खणखणीत, आत कच्चा. गुरुवारी तपासलेला नमुना पहिल्या घाण्याचा होता, चाळीस पेट्या दुसऱ्या घाण्याच्या. मला हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

नटेसन यांना लगेच फोन केला. न उघडलेल्या पेट्या परत पाठवा आणि उघडलेल्या नऊ पेट्यांनी जेवढे सांधे केले तेवढे सगळे कापून पुन्हा करा, चिरलेले असोत वा नसोत. सांधे चौदा आहेत. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः सांगितलंत, हे मी लक्षात ठेवीन. पण वरच्यांना लेखी लागेल."

जेवण गेलं नाही. दैवानैने रसमभात पुढे ठेवला आणि काही न बोलता उचलून नेला. ती बोलत नाही तेव्हा घर मोठं वाटतं.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

चौकशी केली. दहा तारखेचं भट्टीचं रजिस्टर कोरं आहे. साहजिक आहे, त्या दिवशी रजिस्टर पूजेत होतं. म्हणजे भट्टीत माल कधी गेला, किती वेळ भाजला, हे फक्त सूसै सांगू शकतो.

त्याला भट्टीपाशीच बोलावलं. इळंगो होता, बाकीची माणसंही काम सोडून उभी होती. मी विचारलं, भट्टी तुमची, माल तुमच्या हातचा, कच्चा कसा निघाला? तो दाराकडे बघत राहिला. माझी विभूतीची बोटं अजून तशीच आहेत तिथे. मग हळूच म्हणाला, "अम्मा, पूजेच्या दिवशी दारावर तुम्हाला काही दिसलं नाही का?"

मी म्हटलं, "दारावर काय दिसायचं? विभूती आहे. मीच दार पुसून लावली."

माझ्याकडे पाहिलं त्याने. एकदा सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाला, "मग चूक माझीच आहे."

इतक्या सहज कबूल करील असं वाटलं नव्हतं. तेहतीस वर्षांत त्याच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी ऐकलेला नाही. माझ्याच मनाला बरं वाटलं नाही, पण कबुली ती कबुली. दिवाळीपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलं. खुंटीवरचा डबा काढला, भट्टीच्या दाराला एकदा हात लावला आणि गेला.

इळंगो म्हणतो, वय झालं त्यांचं. असेल. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे.


गुरुवार, २३ ऑक्टोबर

नटेसन यांच्या कंपनीचं पत्र आलं. दोन रकाने भरून मागितले आहेत, 'कारण' आणि 'कारवाई'. ते समाधानकारक वाटलं नाही तर मान्यताप्राप्त यादीतून आमचं नाव जाईल. एकाच्या यादीतून गेलं की त्रिचीच्या दुसऱ्या वर्कशॉपला कळायला एक चहा पुरतो.

संध्याकाळी दैवानैला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे सूसैचं नाव लिहिणार."

"मग कुणाचं लिहू?"

"त्याचा मुलगा तिथेच काम करतो ना? बापाचं नाव त्याच्या साहेबाच्या टेबलावर जाणार."

मी म्हटलं, मुलगा तिथे आहे हा काय माझा दोष? ती म्हणाली, "दोष कुठे म्हणते आहे मी. पत्ता सांगते आहे." असं बोलून ती भाजी चिरायला बसते आणि मी विचार करत बसते.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

भट्टीवर नवा माणूस ठेवला आहे. दर अर्ध्या तासाला येऊन विचारतो, अम्मा, झालं असेल का? मला काय माहीत. सूसै दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि पाठीच्या उबेवरून सांगायचा. मीटरपेक्षा ते बरोबर यायचं.

पत्राचा कच्चा मसुदा केला. कारण, भट्टीवरील कामगाराचा निष्काळजीपणा. कारवाई, सदर कामगारास कामावरून दूर करण्यात आले आहे. एस. सूसै माणिक्कम. दोन ओळीच, पण तीन वेळा लिहिल्या. चूक नाही त्यात काही. त्याने स्वतः कबूल केलं आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्याची बायको गेली त्या दिवशी, स्मशानातून दुपारी तसाच परत आला होता. आत घाणा आहे म्हणाला, भट्टी उघडली, माल बाहेर काढला आणि मग घरी गेला. तो माणूस जावळासाठी माल कच्चा टाकून जाईल?

माणसं म्हातारपणी बदलतात. सोमवारी पत्र टाइप करून टाकायचं.


रविवार, २६ ऑक्टोबर

काल इळंगोने पूजेच्या फोटोंचं पाकीट दिलं होतं. मी उघडलंही नव्हतं. आज न्याहारीनंतर दैवानै एकेक फोटो बघत बसली होती. यात तू तोंड वाकडं केलंयस, यात कोहळा हसतोय, असं चाललं होतं. मग म्हणाली, "अक्का, या दारावर काय लिहिलंय ते वाच."

मी चष्मा लावला.

फोटोत मी भट्टीपुढे उभी आहे. उजव्या हातात ओलं फडकं, हात वर. दारावर खडूची मोठी अक्षरं आहेत. पहिली ओळ मी जवळजवळ पुसून टाकली आहे, खालची तशीच आहे. सूसैचं अक्षर मी ओळखते, 'ज' नेहमी मागे झुकलेला. वरच्या ओळीतलं 'कच्चा' तेवढं उरलं आहे. खाली, 'पुन्हा भाजा.'

दैवानै म्हणाली, "रजिस्टर देवापुढे होतं. लिहिणार कुठे तो?"

मी ही दैनंदिनी काढून अकरा तारखेचं पान वाचलं. सगळं तिथेच आहे. माझ्याच अक्षरात. यंत्र दोन तास अडकलं, म्हणजे माल भट्टीत दोन तास उशिरा गेला. हिरवा दिवा चालू होता, म्हणजे भट्टी रिकामी नव्हती. "अम्मा, भट्टीत..." एवढं तो म्हणाला होता. आणि पुढे मी काय बोलले, तेही मी लिहून ठेवलं आहे, मोठ्या ऐटीत.

अक्षर वाचायचं नाही म्हणून चष्मा काढून ठेवला होता.

दिवसभर दुसरं काही केलं नाही. मसुदा फाडला. फाडून काय होतं.


सोमवार, २७ ऑक्टोबर

पोन्मलैला सूसैच्या घरी गेले. तेहतीस वर्षांत प्रथमच. दारात मातेची तसबीर आहे, खाली निळा दिवा. सून लगबगीने खुर्ची पुसायला लागली. नात गोटा घेऊन माझ्याकडे टक लावून बघत होती. आरोक्यम कामावर गेला होता, ते बरं झालं.

सूसै बनियनवरच होता, घाईने शर्ट घालून आला. मी फोटो त्याच्या हातात दिला. त्याने लांब धरून पाहिला आणि परत दिला.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आलो होतो, अम्मा. तुम्ही नाताळाचं बोललात."

मी फोटो पिशवीत ठेवला. तोच पुढे म्हणाला, "पूजेच्या वेळी तुम्ही दिवा बंद करा म्हणता आणि मी नको म्हणतो. कारखान्यात आम्ही दोनच घरं वेदाची. लोक काय म्हणाले असते? देवाच्या कामात सूसै आडवा आला म्हणाले असते. म्हणून दारावर लिहिलं. शनिवारी सकाळी दार उघडणारा वाचेल आणि पुन्हा तापवील असं वाटलं. परत आल्यावर इळंगोने थट्टा केली, तेव्हा मी समजलो की भाजला असणार. पुन्हा विचारलं नाही. तेवढी चूक माझीच."

वेद म्हणजे त्यांच्या भाषेत त्यांचा धर्म. ते मला ठाऊक आहे, पण त्याच्या तोंडून या संदर्भात ऐकताना कानाला लागलं.

मी म्हटलं, चौकशीत तरी बोलायचं. तो म्हणाला, "सगळे उभे होते."

म्हणजे चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून.  सुनेने कॉफी आणली. ती संपेपर्यंत आम्ही दोघंही पावसाबद्दल बोललो. मग मी म्हटलं, सहा वर्षं मी ही पूजा यांच्याच पद्धतीने करते आहे. सगळे दिवे बंद, शेवटची फेरी स्वतः. यांच्या वेळी असं कसं कधी झालं नाही?

सूसैने कप खाली ठेवला. "अय्यांची पद्धत तुम्ही पाहिली नाहीत, अम्मा. तुम्ही तेव्हा घरी सुंडल करत असायच्या. दिवे बंद करून झाल्यावर तुम्ही येऊन पोहोचायच्या. अय्या सगळ्यात शेवटी भट्टीशी यायचे. दाराला हात लावायचे आणि मला विचारायचे, सूसै, पोटात काही आहे का? नाही म्हटलं तर बंद. आहे म्हटलं तर म्हणायचे, मग हिचा दिवा असू दे, हाही देवापुढचाच समजा. एका वर्षी मुहूर्त टळून गेला, तरी बंद करू दिली नाही."

मी यांचं सगळं उचललं. कोहळा, माळा, समई, फेरी. तो प्रश्न तेवढा मला कुणी सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

निघताना त्याने विचारलं, "पत्रात माझं नाव गेलं का?"

"नाही."

"आरोक्यमने परवापासून डबा नेला नाही. चौघांत बसून जेवायला नको वाटतं म्हणतो."

मी म्हटलं, "उद्या सातला भट्टी तापवायची आहे." माफी मागायला गेले होते. हे तोंडातून निघालं. त्याने मान हलवली, येतो म्हणून. की नुसतीच हलवली, कळलं नाही.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

मी पावणेसातला पोहोचले. भट्टीचा दिवा लागलेला होता. नवा माणूस बाजूला उभा राहून जांभया देत होता आणि सूसै दाराला पाठ लावून उभा होता. दारावरची विभूती कुणीही पुसलेली नव्हती. मीच पुसली. या खेपेला चष्मा लावून.

इळंगोला पत्र सांगितलं.

कारण. दहा ऑक्टोबर रोजी भट्टीत माल असताना मी भट्टी बंद करायला लावली. कामगाराने तोंडी सांगण्याचा प्रयत्न केला, तो मी ऐकून घेतला नाही. त्याने दारावर लिहून ठेवलं, ते मी न वाचता पुसलं. कामगाराचा दोष नाही.

इळंगोचे हात टाइपरायटरवर थांबले. "अम्मा, असं कुणी लिहितं का? वीज गेली होती असं लिहू या. वीज सगळ्यांचीच जाते."

क्षणभर ते मला पटलंही, हे खरं आहे. वीज जाते. कुणीही विचारणार नाही. कुणाचंच नाव नको, सूसैचं नको, माझं नको, यादीतही राहू. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बहुतेक बराच वेळ, कारण इळंगोने खोकून दाखवलं.

"टाइप कर," मी म्हटलं. "आणि 'कच्चाच पाठवला' ही थट्टा तूच केली होतीस, ते लक्षात ठेव." तो लाल झाला.

दुसरा रकाना कारवाईचा. मालकिणीवर काय कारवाई करतात? खूप खोडून शेवटी लिहिलं: यापुढे भट्टी बंद करण्याचा अधिकार फक्त भट्टी सांभाळणाऱ्याचा राहील. पूजेच्या दिवशीही. भट्टीचं रजिस्टर पूजेत ठेवलं जाणार नाही.

दैवानै म्हणाली, सरस्वती रागावेल. मी म्हटलं, तिला चाळिशी लागली आहे, दिसणार नाही. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. दहा दिवसांत प्रथमच.

पत्र नटेसन यांच्या हातात स्वतः देऊन आले. त्यांनी वाचलं, घडी घातली, वर पाठवतो म्हणाले. काय होईल ते सांगितलं नाही. चौदापैकी अकरा सांधे कापून पुन्हा झाले आहेत. बाहेर पडताना आरोक्यम दिसला. ड्रमवर वाकला होता, तोंडावर काच होती. त्याने मला पाहिलं की नाही, कळायला मार्ग नाही.


बुधवार, २९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. आज दुपारी चारला कारखाना बंद करून तीन दिवस सुटी. नटेसन यांच्याकडून काही नाही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा दैवानै होती. तेल आणायचं विसरू नको म्हणून.

पावणेचारपासून सगळे हातपाय धुऊन, मिठाईचे पुडे काखेत मारून दाराशी जमले होते. तंजावर रस्त्यावरची बस सव्वाचारची, ती चुकली की पुढची भरलेली येते. मी फेरीला निघाले. तार कापायचं यंत्र बंद. लेपाचं बंद. पंखे बंद. इळंगो माझ्यामागून दिवे मालवत येत होता.

भट्टीचा हिरवा दिवा जळत होता. सूसै पाठ लावून उभा होता. मला बघून सरळ झाला. दाराशी उभी माणसं वळून बघायला लागली.

मी भट्टीच्या दाराला हात लावला. इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं. हे दरवर्षी हात लावायचे म्हणे.

मी विचारलं, "सूसै, पोटात काही आहे का?"

तो म्हणाला, "आहे, अम्मा. अजून दोन तास."

मी बाकीच्यांना जायला सांगितलं. चार-पाच जण गेले. उरलेले मिठाईचे पुडे मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसले, आपल्यालाही बसची घाई नाही असं दाखवत. इळंगोने माझ्यासाठी स्टूल आणलं. मी भट्टीपाशी बसले. सूसै उभाच होता.